वार्ड नंबर दोनची गंज

वार्ड हलवायला कलेक्टर लागतो, असं तुम्हाला वाटत असेल. काही लागत नाही! आम्ही बावीस बायकांनी एका दुपारी वार्ड डोक्यावर उचलला आणि पाऊणशे पावलं पुढं नेऊन ठेवला. मजुरी नाही, चहा नाही. आणि ही सगळी अक्कल माझी होती, हेही आत्ताच सांगून टाकते. पुढं पुढं सांगायला लाज वाटणार आहे.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादेहून कागदांचे गठ्ठे आले, नवे साहेब आले, नवे शिक्के आले. पाऊस तेवढा आला नाही. आमच्या पांढरसांगवीचा ओढा असा वाळला होता की त्यात बसून माणसं पत्ते खेळायची. मुरुडच्या बाजारात रामराम, जयभीम करायच्या आधी लोक विचारायचे, "तुमच्याकडं हाय का पाणी?"

आमचं भीमनगर म्हणजे पूर्व-पश्चिम एक लांब गल्ली, सदतीस घरं. पाण्याला आम्ही हणमंतराव पाटलांच्या विहिरीवर जायचो. तिथं आधी कुणाची घागर बुडणार हे त्यांचा गडी ठरवायचा, आणि भीमनगरची घागर त्याला नेहमी सगळ्यांत शेवटी दिसायची. एवढी मोठी तांब्याची घागर, पण दिसायची नाही!

अशात खबर आली, दर वार्डाला एक सरकारी हातपंप! तो कुठं बसवायचा ते सांगणार त्या वार्डाचा मेंबर. आणि निवडणूक तोंडावर. सदतीस घरं एका वार्डात राहिली तर मेंबर आमचाच. उमेदवारही ठरलेली होती, गुणाबाई सुईण. निम्म्या मतदारांना तिनं जन्मताच पाय धरून उलटं टांगलेलं. तिला नाही कोण म्हणणार?

मग चावडीवर वार्डांची यादी लागली. मी शाळेत गेले नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद आणि आमच्या पंढरीची नांदेडहून येणारी पत्रं, यांच्यावर वाचायला शिकले. (पंढरी म्हणजे माझे मालक. रेल्वेत आहेत. नाव घेते मी त्यांचं. नाव घेतल्यानं गाडी रुळावरून उतरत नाही!) तर मी चावडीसमोर उभी राहून मोठ्यानं वाचलं, "वार्ड नंबर दोन. उत्तरेस मारुतीचे देऊळ. दक्षिणेस ओढा. पश्चिमेस हणमंतराव यांच्या म्हशीचा खुंटा. पूर्वेस हणमंतराव यांची कडब्याची गंज."

"खुंटा?" गुणाबाई म्हणाली.

"आन् गंज."

"ही वार्डाची हद्द हाय का पाटलाच्या घरची वाटणी?"

झालं होतं असं की तलाठी वीरण्णा निलंग्याकडचे, अंगानं भारी, उन्हाला भिणारे. त्यांनी चावडीच्या कट्ट्यावर बसून मान जेवढी वळली तेवढा वार्ड लिहिला होता. गंज कुठं उभी होती? आमच्या गल्लीच्या बरोबर मध्यावर, मोकळ्या जागेत! म्हणजे अलीकडची अठरा घरं वार्ड दोनमध्ये, पलीकडची एकोणीस वार्ड तीनमध्ये. इकडंही आम्ही थोडे, तिकडंही थोडे. भाकरी मोडावी तसं मोडलं होतं आम्हाला.

मी घरी आले, चुलीपुढं बसले आणि हरकत लिहिली. "सीमा म्हणून न हलणारी वस्तू घ्यावी. कडबा जनावर खाते. सीमा खाल्ली जाऊ नये, ही नम्र विनंती." तसाच कागद नेऊन वीरण्णांच्या हातात दिला.

"हरकत झ्याक हाय, बाई," ते म्हणाले. "पर कागदावर गंज लिव्हली हाय, जाग्यावर गंज हाय. सोमवारी साहेब येणार, कागद बघणार, जागा बघणार, मुगितु!" मुगितु म्हणजे कानडीत संपलं.

"म्हंजे जिथं गंज, तिथं हद्द?"

"हौदु."

"नक्की?"

"अय्यो, सरकारी यादी हाय बाई!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तडक पाटलांच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिले.

"पाटील, वारं सुटलंय."

"मग म्या काय करू? धरून ठिवू?"

"तुमची गंज आमच्या चुलींला खेटून हाय. एखादी ठिणगी उडली तर?"

त्या साली कडबा म्हणजे सोनं. पाटील ताडकन उठले. "मग चुली इझवा!"

"आन् खायाचं काय? त्यापरीस गंज हालवा. गल्लीच्या पार शेवटाला, लिंबाखाली. आम्ही बायाच नेऊन ठिवतो."

"मजुरी न्हाई देणार!"

"मागितली कुणी?"

पाहुणा जेवून उठल्यावर स्वतःचं ताट घासायला बसला तर घरची माणसं जशी बघतील, तसं पाटलांनी माझ्याकडं बघितलं. पण फुकटचं काम नाकारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "न्या," म्हणाले, "पर एक पेंढी हिकडंतिकडं झाली तर बगा!"

दुपारी आम्ही लागलो कामाला. बावीस बायका, डोक्यावर पेंढ्या, तोंडानं भीमगीतं. ऐंशीच्या घरातली सरजामाय दाराशी बसून हुकूम सोडत होती. "ए, बुडखा भायेर, शेंडा आत! सरकारी हद्द हाय ती, नीट रचा!" दिवस मावळायच्या आत गंज लिंबाखाली उभी. गल्लीचं शेवटचं घरसुद्धा आता तिच्या अलीकडं. अख्खं भीमनगर वार्ड नंबर दोनमध्ये!

दुसऱ्या दिवशी वीरण्णा सायकलवरून आले. लिंबाकडं बघताना ब्रेक दाबायचे राहिले. सायकल गटारीत थांबली, ते त्याच्याही पुढं गेले.

"अय्यो देवरे! बाई, गंज?"

"हाय की. एक पेंढी कमी न्हाई."

"पर जागा?"

"यादीत जागा कुठं लिव्हली हाय? तुम्हीच म्हणलात, जिथं गंज तिथं हद्द. मुगितु!"

वीरण्णा पाटलांकडं गेले. त्यांनी पाटलांना खरी गोष्ट समजावून सांगितली असावी, कारण त्या वाड्यातून जो आवाज निघाला त्यानं लिंबावरचे कावळे उडाले. पाटलांना गंज माघारी आणायची होती. पण त्यांच्या मालकीणबाई, धोंडाबाई, आडव्या आल्या. "पुन्हा चुलीपाशी ठिवता? पेटली मंजी म्हशीला काय, तुमची मेंबरकी चारायची का?"

पाटील गप्प बसले. पाटील गप्प बसले की समजावं, त्यांना काहीतरी सुचलंय. संध्याकाळी बघते तर काय, म्हशीचा खुंटा उपटून त्यांनी पश्चिमेला, पार स्वतःच्या भावकीच्या घरांमागं नेऊन ठोकला होता! म्हणजे वार्ड दोनमध्ये आमची सदतीस घरं, आणि आता त्यांच्या भावकीची बेचाळीस. मेंबर त्यांचा. हातपंप त्यांच्या दारात. आणि आमच्या घागरी पुन्हा कुणालाच दिसणार नाहीत.

शनिवारी पंढरी आले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सुमन, एक रूळ सरकवलास. दुसरा त्यांच्या हातात हाय, ह्याचा इचार केला व्हता का?"

"न्हाई," मी म्हटलं. रात्रीची भाकरी करपली. जाऊ द्या.

सोमवारी नवी जीप आली. साहेबही नवे, मिशी नुकतीच ठेवलेली. वीरण्णा यादी घेऊन पुढं, मागं अख्खं गाव. पाटलांनी साहेबांवर छत्री धरली होती. ऊनच एवढं, पण तरी!

"पश्चिमेपासून सुरू करू," साहेब म्हणाले. "खुंटा दाखवा."

वीरण्णांनी दाखवलं. तिथं एक खड्डा होता.

"हा खड्डा आहे. खुंटा कुठाय?"

वीरण्णांनी घाबरत बोट वर केलं. बोट हळूहळू सरकत होतं. कारण खुंटाही सरकत होता! तीन दिवस अनोळखी जागी, गव्हाणीपासून लांब बांधलेली ती म्हैस भुकेनं पिसाळून खुंट्यासकट निघाली होती. पुढं म्हैस, मागं साखळी, साखळीच्या टोकाला वार्ड नंबर दोनची पश्चिम सीमा, दगडांवर ठण्ण ठण्ण वाजत!

"साहेब, हद्द चालली!" गुणाबाई ओरडली.

"धरा, धरा ती सीमा!" साहेब ओरडले.

पाटील छत्रीसकट धावले. वीरण्णा धावले. म्हशीनं पाटलांची भावकी मागं टाकली. "बेचाळीस घरं गेली भायेर!" सरजामायनं दारातून पुकारा केला. म्हैस आमच्या गल्लीत शिरली. एकेक घर ओलांडत होती, एकेक घर वार्डाबाहेर पडत होतं. आम्ही बायका दोन्ही हात पसरून तिच्यापुढं उभ्या राहिलो. पण तिच्या नाकात कडबा भरला होता; तिला आमच्या मतांचं काय! लिंबाखाली पोचली आणि गंजीत तोंड खुपसून मोकळी झाली. तिच्या मागोमाग गावातली सगळी हडकुळी गुरं.

पश्चिमेची सीमा पूर्वेची सीमा खात होती!

साहेबांनी घाम पुसला. "तलाठी, आता ह्या वार्डात घरं किती?"

वीरण्णांनी यादी बघितली, म्हैस बघितली. "एक बी न्हाई, साहेब."

"लेखी हरकत कुणाची आहे?"

अख्ख्या गावातून एकच कागद निघाला. साहेबांनी तो उभ्यानं वाचला. "सीमा म्हणून न हलणारी वस्तू घ्यावी... सीमा खाल्ली जाऊ नये." पुन्हा एकदा म्हशीकडं बघितलं. "कुणी लिहिलंय हे?"

"मी, साहेब."

"शहाण्या आहात. आणि गंज कुणी हलवली?"

"...ती बी मीच, साहेब."

सगळं गाव हसलं. साहेब हसले नाहीत, पण मिशी हलली. त्यांनी तिथल्या तिथं यादी खोडली. पश्चिमेला देवळापासून ओढ्यापर्यंतचा गाडीरस्ता घेतला, म्हणजे पाटलांची भावकी बाहेर. मग पूर्वेला आले. "इकडं न हलणारं काय आहे? लिंब नको, झाड तोडता येतं."

गल्लीत सगळी मातीची घरं. दगडी घर एकच, सरजामायचं. तिच्या नवऱ्यानं खाणीतले दगड स्वतः फोडून बांधलेलं.

"आजी, हे घर किती वर्षं आहे इथं?"

"तुमचा जिल्हा नव्हता तवापून!" सरजामाय म्हणाली.

"लिहा. पूर्वेस, सरजाबाई यांच्या दगडी घराची पूर्वेकडील भिंत."

वीरण्णांनी लिहिलं. लिहिता लिहिता त्यांची लेखणी अडखळली आणि ते माझ्याकडं बघायला लागले. मग गुणाबाई बघायला लागली. त्या भिंतीच्या पलीकडं गल्लीतलं एकच घर होतं. माझं.

"आता कुणाची हरकत?" साहेबांनी विचारलं.

वीरण्णा माझ्या कानाशी आले. "बाई, हरकत घेतली तर पुन्हा यादी, पुन्हा सात दिवस. येणारा साहेब असाच आसंल, सांगता येत न्हाई."

पाटील तर छत्री माझ्याच डोक्यावर धरायला आले. "सुमनबाई, तुमच्यावर लई अन्याव झाला की! घ्या हरकत! म्या सही करतो!"

आयुष्यात पहिल्यांदा पाटलांना माझा एवढा पुळका आला होता. मी गल्लीकडं बघितलं. छत्तीस दारं, दारादारात रिकाम्या घागरी. छत्तीस घरांत मेंबर बसत होता. सदतिसावं नसलं तरी बसत होता.

"छत्री तुमच्यावर धरा, पाटील, तुम्हाला ऊन लागंल," मी म्हटलं. "साहेब, माझी हरकत न्हाई. करा सही!"

गुणाबाई निवडून आली. हातपंप सरजामायच्या अंगणात बसला. पहिलं पाणी गढूळ, मग दुधासारखं, मग स्वच्छ. कुणाची घागर आधी, हे सांगायला तिथं गडी नव्हता. सरजामाय ओंजळ धरून कितीतरी वेळ नुसतीच उभी राहिली.

मीही घागर घेऊन गेले. मान ताठ! शेवटी कर्तबगारी कुणाची?

"कोण? वार्ड तीन का?" गुणाबाई मेंबर कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आधी वार्ड दोनच्या बायांचं होऊ द्या!"

"गुणे, तुझ्या तोंडाला काय झालं? हा पंप कुणामुळं आला?"

"हरकत आसंल तर लेखी द्या! सात दिवसांत!"

बायका हसून हसून पंपावर लोंबकळल्या. मी कशाला ऐकून घेते? घरी आले, कडक हरकत लिहिली, नेऊन तिच्या हातात दिली.

तासाभरात मेंबरबाई माझ्या दारात. कागद पुढं केला. "सुमन, ह्याला उत्तर द्यावं लागतंय म्हणं. लिही."

"मीच लिहू?"

"मग कोण? मला सही तेवढी येती. ती बी तूच शिकवलीस."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "सदर हरकत फेटाळण्यात येत आहे. अर्जदार बाईने रांगेत उभे राहावे."

तिनं जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरून खाली सही केली. मी घागर उचलली आणि जाऊन रांगेत उभी राहिले. निकालाविरुद्ध बोलायला तोंडच उरलं नव्हतं. भाषा इतकी कायदेशीर उतरली होती!