कानसेनांची कॉफी

घरातली कॉफी यापुढे आपण करायची, असं कानसेनांनी एका रविवारी सकाळी जाहीर केलं. घरातून कुणीही विरोध केला नाही, कारण घरात कुणी नव्हतंच. बायको नेहमीसारखी शेजारी कॉफी प्यायला गेली होती.

कानसेन हे त्यांचं ऑफिसातलं टोपणनाव. पाणीखात्यात ते गळती शोधायच्या कामावर होते. रस्त्यावर एक लांब लोखंडी काठी टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं. शेजारून ट्रक धडधडत गेला तरी खालची बारीक झुळझुळ त्यांच्या कानातून सुटायची नाही. (हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. का हसलीस, असं काही त्यांनी विचारलं नाही.)

आता गळती त्यांच्याच घराला लागली होती. पूर्वी दोघं स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसून सकाळची कॉफी घ्यायची. मग ती अधूनमधून शेजारच्या शिवणवाल्या ताईंकडे जाऊ लागली आणि हळूहळू रोजच. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत कॉफी पिताना कानसेनांना फार वाईट वाटे. खरं सांगायचं तर जळफळाट होई, आणि तोही दुसऱ्याच्या किटलीवर.

शेवटी त्यांनी तिला दारातच गाठलं होतं.

"अगं, त्यांच्या कॉफीत असं आहे तरी काय?"

ती चपला शोधत होती. "तिथे मुरू देतात हो. इथे लगेच ढवळतात," असं म्हणाली आणि गेली.

कानसेनांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुरणं! पाणी कुठे मुरतंय हे शोधण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला कपभर पाणी मुरवता येऊ नये? आजवर त्यांच्या घरी पूड, पाणी, दूध, साखर सगळं एकाच पातेल्यात पडायचं, वर येईपर्यंत उकळायचं आणि वर चमच्याचा मार खायचं. अशी कॉफी मुरणार कधी?

मग त्यांना नाद लागला. पुडीचा डबा शेगडीजवळ ठेवल्यामुळे आतला वास कधीच उडून गेला होता, हे त्यांना त्यात नाक खुपसल्यावर कळलं. म्हणून बिया आणल्या. पहिल्या दिवशी मिक्सरने त्यांचं पीठ केलं आणि गाळणं तुंबलं. (तुंबणं हे दुसऱ्या खात्याचं काम असल्यामुळे त्यांना त्यातलं काही सुचेना.) दुसऱ्यांदा पूड जाडसर ठेवली, तर पाणी झरझर खाली उतरलं. खळखळतं पाणी ओतलं की कॉफी कडू होते, जरा शांत झाल्यावर ओतलं की होत नाही, हे कळलं तेव्हा तर त्यांना एवढा आनंद झाला की ते ऑफिसात दिवसभर शीळ घालत होते. अरे, हे असं का होतं? आणि हे आपल्याला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

इथवर सगळं ठीक होतं. पण एके सकाळी किटलीत कॉफी मुरत असताना त्यांच्या लक्षात आलं की घरभर वास सुटलाय. म्हणजे जो वास कपात असायला हवा तो बाहेर चाललाय. ही सरळ सरळ गळती होती, आणि गळती दिसली की कानसेनांचे हात शिवशिवत. त्यांनी हत्यारांच्या पेटीतून रबरी वायसर काढून झाकणाखाली बसवला, तोटीत बूच ठोकलं, सगळ्यावरून पाइपाला लावायची टेप गुंडाळली आणि गार पडू नये म्हणून किटली मंद आचेवर ठेवली.

धडाम आवाज ऐकून बायको शेजारून धावत आली.

"अहो, छताला काय झालं?"

"कॉफी."

"ती कपात असते ना?"

"आज वर गेली."

तिने वर पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसूनच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारी गेली नाही. तुम्हाला या खोलीत एकटं सोडायची सोय राहिली नाही, असं तिने सांगितलं. कारण काही का असेना, खुर्ची भरली होती, आणि कानसेन मनातून हरखून गेले होते. आजची कॉफी जमली तर ती उद्याही बसेल.

त्यांनी पाणी ओतलं, झाकण अलगद ठेवलं. आत पूड अजून चुरचुरत असणार. ते थांबलं की कॉफी मुरली, असा त्यांचा सिद्धांत होता. म्हणून त्यांनी कोपऱ्यात ठेवलेली कामावरची काठी आणली, एक टोक किटलीला टेकवलं आणि दुसऱ्याला कान लावून डोळे मिटले.

पलीकडे बायको बोलायला लागली होती. तिचा आवाज त्यांच्या दुसऱ्या कानावर पडत होता, पण तो कान कामावर नव्हता. ती बराच वेळ बोलली.

"मग? काय वाटतं तुम्हाला?"

"अजून जरा मुरू दे," कानसेन म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले, तर बायकोचे डोळे पाणावलेले.

"हेच हो हेच! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तोंड उघडलं की तुम्ही लगेच चमचा घालता. हे चुकलं, ते तसं कर. ताई मुकाट ऐकतात, मुरू देतात. म्हणून तर जाते मी तिकडे."

"म्हणजे... कॉफीसाठी नाही?"

"त्यांची कॉफी? नुसतं गढूळ पाणी! तोंडदेखलं पिते मी."

कानसेनांच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण त्यांनी ढवळायला उचललेला चमचा खाली ठेवला. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि बायकोवर प्रेमही दाटून आलं. त्यांनी कप भरून दिला, तिने पहिला घोट घेतला आणि "वा!" म्हणाली. या एका शब्दासाठी आणखी एखादं छत गेलं असतं तरी चाललं असतं.

"मग उद्यापासून मी म्हटलं तसंच करायचं ना?" तिने विचारलं.

ती काय म्हणाली होती? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर सगळंच मुसळ केरात.

"अर्थात," कानसेन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात ताई, हातात स्वतःचा कप. मागे त्यांच्या शिवणवर्गातल्या चौघीजणी, कपांसकट. सगळ्यांत मागे ताईंचे यजमान, काखेत घडीची खुर्ची घेऊन.

"या, या!" बायको म्हणाली. "अहो, कॉफी तेवढी मुरवून द्या आणि दोघं बाहेर गॅलरीत बसा. आमच्यात ढवळाढवळ नको."

गॅलरीचं दार लागलं. यजमानांनी सरावाने खुर्ची उघडली.

"आमच्याकडे तर हे रोजचंच होतं. पण तुम्ही कशाला कबूल झालात?"

"नीट ऐकलं नाही हो."

"कमाल आहे. आणि तुम्हाला म्हणे कानसेन म्हणतात!"

कानसेनांनी सोबत आणलेली काठी हळूच दाराला टेकवली आणि कान लावला. आत हशा पिकला होता. कॉफीचं कौतुक चाललं होतं. मग बायकोचा आवाज आला, अगदी स्पष्ट:

"अहो, दारावरची काठी काढा, आणि येताना दूध घेऊन या!"

आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं बोलणं त्यांना एका हाकेत ऐकू आलं होतं.