प्रभाताई, कढीपत्ता आणि दुब्रोवनिक

मी ट्रिप आखली की तीत चूक सापडत नाही, हे मी कुणालाही लिहून देतो. यंदा, २०१७ च्या जूनमध्ये आठ दिवस दुब्रोवनिकला जायचं ठरलं, तेव्हा समुद्राकाठच्या त्या जुन्या तटबंदीवर चढायची वेळसुद्धा मी पक्की केली होती. दुपारी चार! ब्रॅम्पटनच्या आमच्या घराची किल्ली दोन घरं सोडून राहणाऱ्या प्रभाताईंकडे दिली. काम एकच, माझ्या बायकोच्या, कृतिकाच्या कढीपत्त्याला दिवसाआड एक कप पाणी. कॅनडातले सात विंटर तिने ते झाड घरात जपून काढलेत. शिवाय चोरांसाठी म्हणून मी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. प्रभाताईंना तेवढं सांगायचं राहिलं.

पहिल्या दुपारी तीनला, म्हणजे ब्रॅम्पटनच्या सकाळी नऊला, तटाखालच्या कॅफेत फुकट वायफाय मिळालं. कृतिकाने सहज फोनवर घर उघडलं. प्रभाताई कढीपत्त्यावर अख्खी झारी ओतत होत्या.

"अरे, कुजेल ते. सांग ना त्यांना."

"काय सांगू? आम्ही इथून तुमच्यावर नजर ठेवून आहोत म्हणून?"

तिने माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला आणि मोघम चौकशी केली. एकच कप घातल्याचं प्रभाताईंनी छातीठोकपणे सांगितलं. झारी हातातच होती.

झालं! सकाळी जेट लॅग, दुपारी झाड. लोक आमच्या डोक्यावरून तटबंदी फिरत होते आणि आम्ही खाली बसून ब्रॅम्पटन बघत होतो. तिसऱ्या दिवसापासून वेटर न विचारता कॉफी आणायला लागला.

पाचव्या दिवशी प्रभाताई दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. तिघींच्या हातात ग्रोसरीच्या पिशव्या होत्या. फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जाऊ लागल्या. फोडणीला तीन पानं मोजून घालणाऱ्या कृतिकाचे डोळे भरून आले. मी पार वैतागलो होतो. फोन तिच्या हातातून काढून घेत पुटपुटलो, "पुरे आता, प्रभाताई."

अंगठा नेमका कॅमेऱ्यातून बोलायच्या बटणावर होता!

तिघींनी एकदम वर बघितलं. मग पिशव्या तिथेच ठेवून निमूट निघून गेल्या. त्यानंतर कुणी फिरकलंच नाही. उरलेले तीन दिवस झाड वाळताना बघण्यात गेले.

परतलो तेव्हा चार पानं शिल्लक होती. किल्ली द्यायला प्रभाताई आल्या. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच त्या गोड हसून म्हणाल्या, "आम्ही जुलैत व्हँकुव्हरला चाललोय. माझ्या मोगऱ्याला पाणी घालशील ना रे, यशोधन? दिवसाआड एक कप."

सध्या मी दिवसाआड त्यांच्याकडे जातो. पुस्तकांच्या कपाटावर नवाकोरा कॅमेरा आहे. कप आधी त्याला दाखवतो, मगच ओततो.

काल कपाटावरून प्रभाताईंचा आवाज आला, "तटबंदीवरून समुद्र कसा दिसतो रे?"

"फारच सुंदर," मी मोगऱ्याकडे बघत म्हणालो.