दोन पाट आणि चार बोटे तूप

इसवी सन १९३६, डिसेंबर महिना, ऋतू हेमंत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी जेवणाचे पाट पुसून ठेवावेत, एवढाच माझा निर्णय होता. सहापैकी दोन पाट नाहीसे झाले होते. (मोजणे हा माझा स्वभाव, यजमान त्याला व्यसन म्हणतात.) तुपाची बरणीही चार बोटे उतरली होती.

"बाई, दोन पाट म्हंजे दोन माणसं," भांडी घासता घासता सोजरबाई म्हणाली. "वरतून तूप! मालक दुसरीकडं पंगत मांडून राह्यले."

"पुराव्यावाचून बोलू नये," मी तिला बजावले आणि पुरावा गोळा करू लागले.

यजमान कारंज्यातील एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम. हल्ली ते आरशापुढे एक पाय उचलून दुसऱ्यावर डोलत. पन्नाशीचा पुरुष आरशापुढे डोलतो, हे सुलक्षण असल्याचे मॅट्रिकपर्यंतच्या कोणत्याही पुस्तकात मी वाचलेले नाही. शिवाय गुडघे खरचटलेले.

"दुपारी कुठे असता?"

"सरकीपाशी."

"सरकीने गुडघे फुटतात?"

"वळताना फुटतात," ते म्हणाले आणि घाईने बाहेर पडले.

मी शालजोडी पांघरली आणि सोजरबाईला घेऊन थेट जिनिंग गाठले. आवारात सरकीचा डोंगर. त्याच्या माथ्यावर यजमान. पायांना माझे दोन पाट सुतळीने बांधलेले, बुडांना माझेच तूप. खाली सरकी ओढणारी सुगराबी कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "अवो मुनीमजी, खांबावानी काहून उभे? गुडघे वाकवा ना!"

यजमान घसरले, डावीकडे सुरेख वळले, उजवीकडे वळताना मात्र माझ्या पायांशी येऊन पडले.

"जिनिंगचे साहेब गुलमर्गला बर्फावर स्की खेळायला नेणार आहेत," ते धापा टाकत म्हणाले. "ज्याला दोन्हीकडे वळता येईल त्यालाच. वळताना भार बाहेरच्या पायावर हवा. उजवे वळण काही जमत नाही."

मला हायसे वाटले. (ते मी चेहऱ्यावर दिसू दिले नाही.) पाट घेऊन मी घरी आले. साहेब एकटेच गेले.

परंतु सोजरबाईने आधीच पेठभर वर्दी दिली होती. संक्रांतीला कधी नव्हे एवढ्या बायका आल्या. वाण घेऊनही कोणी हलेना. शेवटी शेजारच्या नानीबाईंनी तोंड उघडलेच.

"अवो बाई, लपवता कायले? धाकलीले बाहेर बोलवा. आमी बी कुंकू लावतो तिले."

"धाकली नाही, स्की आहे!" मी म्हणाले.

"इस्की? नाव तं इंग्रजी हाय. मडम हाय काय?"

मी त्या दोनपैकी एक पाट फरशीवर ठेवला आणि सर्वांना नीट समजावून सांगण्यासाठी त्यावर मांडी घालून बसले. बुडाचे तूप पुसायचे राहिले होते. हळदीकुंकवाच्या करंड्यासह मी ओसरीभर घसरत गेले, खांबापाशी उजवीकडे वळले आणि नानीबाईंच्या मांडीत थांबले.

धाकली वगैरे कोणी नाही, याची पेठेला त्याच दिवशी खात्री पटली. आतल्या दारातून यजमान मात्र हताशपणे म्हणाले, "हेच वळण मला महिनाभर जमले नाही!"