रऊफचाचा आणि मशीनचा जबाब

हिंगोलीत रऊफचाचांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेलं मशीन कुणी झटकन रिस्टार्ट करू नये. मी एकदा केलं. चाचांनी माझ्या मनगटावर लाकडी पट्टी मारली. पासष्टीचा माणूस, आणि पट्टी शाळेतली!

"हात काढ, पुढारीबाई! ते मरून राहिलं. त्याचा जबाब तर घेऊ दे!"

जबाब म्हणजे पडद्यावर उमटलेल्या शेवटच्या ओळी. लोक फोननं फोटो काढून मोकळे होतात. चाचा चष्मा पुसतात, शाईच्या पेनात शाई भरतात आणि त्या ओळी वहीत उतरवतात, एक शून्यही न गाळता. तोवर गिऱ्हाईक उभं. कुणी कुरकुर केली तर चाचांचा एकच प्रश्न, "तुला तकलीफ काय? मरून तर ते राहिलं."

त्यांचा दुसरा लाडका शब्द 'सबूत'. मी मोर्चातली पोरगी, आरोप आधी करते. वीज वारंवार जाते, हा कट आहे, असं मी दुकानात शिरतानाच बोलले, तर हे पाण्याचा तांब्या पुढं करून शांतपणे विचारणार, "सबूत?"

आमचं काम साफ होतं. राशनच्या यादीतून ज्यांची नावं उडवली, त्या कुटुंबांच्या तक्रारी आम्ही गोळा करत होतो. डोंगरकडा आणि जवळा बाजारला आमच्या दोघी जणी बसून नावं भरायच्या, ती थेट चाचांच्या दुकानातल्या मशीनवर यायची. सोमवारी सुनावणी. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बजावलेलं, छापील यादीत नाव नसेल तर तक्रार ऐकणार नाही. म्हणजे एक नाव सुटलं की एका घराची चूल विझली.

आमचा प्रोग्रॅम जुना, जुन्याच सिस्टीमवर चालणारा. चाचांनी तोड काढली. एका धडधाकट मशीनच्या पोटात दुसरं, खोटं मशीन तयार केलं. त्याला खोका नाही, पंखा नाही, पण ते चालतं खऱ्यासारखं. त्याला लागणारी मेमरी मोठ्या मशीननं आपल्यातली काढून द्यायची. आमची यादी त्या खोट्या मशीनमध्ये.

आणि ते मधूनच मरायचं. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभाच कोसळायचा. रोज नाही. सलग तीन दिवस ठणठणीत, चौथ्या दिवशी दुपारी जवळा बाजारहून सुनीताचा फोन, "ताई, गेलं वो! सकाळपासून भरलेली समदी नावं गेली!"

मी तावातावानं दुकानात जायची. माझ्यासमोर मात्र ते खोटं मशीन एकदाही पडलं नाही. तास तास बसून राहिले, तरी नाही.

"तुला भिऊन राहिलं ते," चाचा म्हणायचे. "तू आलीस की बराबर चालतं."

"जनतेच्या ताकदीला भितंय!"

"सबूत?"

चाचांनी मेमरीच्या पट्ट्या काढून घासल्या, परत बसवल्या. बॅटरी बदलली. वायर बदलली. रात्रभर तपासणी लावली, सगळं निर्दोष. वहीत जबाबांची पानं वाढत गेली. प्रत्येक जबाबात एकच रडगाणं होतं, मेमरी पुरेना. "पण दिलेली हाय ना!" चाचा त्या पडद्यालाच रागवायचे. "काहून पुरेना?"

बुधवारी मी वही ओढून घेतली. तारीख, वेळ, मशीन काय करत होतं, सुनीता काय भरत होती, सगळं टापटीप.

"चाचा, चौकशीत सगळ्यांचा जबाब घेतात. त्या वेळी तुम्ही काय करत होता, ते कुठंय?"

"मी?" चाचांनी पट्टी उचलली आणि उगाच टेबलाची धूळ झाडली. "मी काहून लिहू? मी थोडाच पडलो?"

गुरुवारी दीडच्या सुमारास मी दुकानाच्याच गल्लीत होते. सुनीताचा फोन आला. "ताई, गेलं!" मी चपलाही न काढता आत घुसले.

चाचा दाराकडं पाठ करून बसलेले. कानात इअरफोन. शेजारी न उघडलेला डबा. पडद्यावर एका बाजूला आमचं मेलेलं मशीन, आणि दुसऱ्या बाजूला दुसरंच एक खोटं मशीन चालू. त्यावर लहान लेकरानं काढलेली जांभळी बकरी, पाच पायांची.

"हे काय?"

चाचा दचकले. मग हळूच म्हणाले, "आमच्या नाझचं. शाळेत होती तवाचं मशीन तिचं. भंगारात जाऊन राहिलं होतं. आख्खं याच्यात उतरवून घेतलं."

नाझ म्हणजे चाचांची लेक, आता हैदराबादला नोकरीला. घरी चाचा एकटे.

"मेमरी किती दिली त्याला?"

"अर्धी."

"अर्धी! त्या बकरीला?"

"पोरीच्या मशीनला कमी कशी देऊ, बेटा?"

सबूत समोर होता. दुकान रिकामं झालं की हे जेवणाआधी नाझचं मशीन सुरू करत. मोठं मशीन त्याच्यासाठी आमच्याकडची मेमरी परत ओढून घेई. त्याच वेळी दोन्ही गावांहून जोरात भरणा चालू असला की आमचा गाभा कोसळे. दुकानात मी असले की ते नाझचं मशीन उघडतच नसत. मी जिवंत औषध होते आणि वीजमंडळाविरुद्ध पत्रकं काढत बसले होते!

माझ्या तोंडाशी एक आख्खं भाषण आलं होतं. चाचांनी पेन उघडलं, आधी आमच्या मशीनचा जबाब उतरवला आणि समोर नवा रकाना आखला. लिहिलं : 'त्या वेळी रऊफ जेवायला निघाला होता.' मग माउस धरला. "पुसून टाकतो हे."

"हात काढा," मी म्हटलं. "पुसायचं कशाला? त्याला लागते तेवढीच मेमरी द्या की."

बकरीला चिमूटभरच लागत होती. शुक्रवार ते रविवार सुनीतानं गेलेली नावं पुन्हा भरली. दोन्ही मशीनं शेजारी शेजारी चालली, एकही मेलं नाही. सोमवारी यादी छापली, सगळी नावं आत.

सुनावणीहून परत येऊन मी दुकानातच टेकले. दीड वाजला. मी उठेना, तसे चाचा चुळबुळायला लागले. शेवटी त्यांनी इअरफोनची वायर उपसून काढली आणि नाझचं मशीन बंद केलं. बंद होताना त्यातून सात वर्षांच्या पोरीचा आवाज आला. मशीन बंद करताना वाजावा म्हणून तिनंच कधीतरी रेकॉर्ड करून ठेवलेला, दटावणीचा.

"अब्बा, बस झालं! जेवायला चला."

चाचा पडद्याकडंच बघत राहिले. मी त्यांचा डबा उघडला आणि दोन ताटल्या मांडल्या.