पत्रिकेत आधी कोणाचं नाव?

एका जंगलात, मुलांनो, नदीच्या दोन काठांवर दोन कॉलेजं होती. पूर्वतीर आणि पश्चिमतीर. वर्षातून एकदा दोघांचा फुटबॉलचा सामना व्हायचा. अभ्यास दोन्हीकडे सारखाच होत नसे, त्यामुळे चुरस काय ती एवढीच.

पूर्वतीरची कॅप्टन होती लवंगी नावाची हरिणी. तिचं हे शेवटचं वर्ष. मागच्या सामन्यात खूर दुखावल्यामुळे ती बाहेर बसून राहिली होती. यंदा काहीही झालं तरी खेळायचंच, म्हणून बिचारी रोज पहाटे उठून सराव करायची.

सामन्याच्या निमंत्रणपत्रिका छापायच्या होत्या. आता आपल्याकडे कसं असतं, ठाऊक आहे ना? जेवायला नाही बोलावलं तरी चालतं, पण पत्रिकेत नाव मागे पडलेलं चालत नाही. शेवटी ठरलं की ज्याचा संघ इतिहासात जास्त बलवान, त्याचं नाव आधी. आणि हे ठरवणार कोण? दोन्हीकडचे माजी विद्यार्थी. त्यांना वेळच वेळ होता.

पूर्वतीरचे गवाजीराव गवे म्हणाले, आमचे विजय जास्त. पश्चिमतीरचं म्हातारं अस्वल भालबा म्हणालं, असतील, पण निम्मे सशांविरुद्धचे. आमच्या काळी समोर बिबटे असायचे. मग त्या सामन्यांतून परत कोण आलं, असं गवाजीरावांनी विचारलं. कोणी आलं नाही, हाच तर आमचा पराक्रम, असं भालबांनी सांगितलं.

मग चिखलात झालेले गोल धरायचे का, यावर वाद पेटला. कोल्हा पंच असतानाचे विजय मोजायचे का, यावर तर शिंगं उगारली गेली. ऐकायला गर्दी लोटली. गर्दीला ऊन लागू नये म्हणून मांडव घालायचं ठरलं. एवढी सपाट जागा जंगलात एकच होती. मैदानाच्या मधोमध खांब रोवले गेले.

लवंगी चेंडू घेऊन आली, तर गोलपोस्टला लाउडस्पीकर बांधलेला.

"काका, सामना कधी?" तिने गवाजीरावांना विचारलं.

"अगं, तुमच्याच मानासाठी घसा कोरडा करतोय ना मी," ते म्हणाले. "सामना काय, पुढच्या वर्षीही होईल."

"पुढच्या वर्षी मी नसेन, काका."

"नसशील कशी? माजी विद्यार्थिनी म्हणून येशील की."

लवंगीला फार वाईट वाटलं. रडायला म्हणून ती मांडवामागे गेली, तर पश्चिमतीरचा गोलकीपर, एक तरुण रानडुक्कर, तिथे आधीच रडत बसला होता. दोघांनी डोळे पुसले आणि खांबांमधूनच चेंडू मारायला सुरुवात केली. चर्चेत व्यत्यय येतो म्हणून चेंडू जप्त झाला.

वर्ष संपलं. पत्रिका छापायच्या राहूनच गेल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा मांडव उभा राहिला. पूर्वतीरच्या नव्या कॅप्टनने भीत भीत सामन्याबद्दल विचारलं. एव्हाना माजी झालेल्या लवंगीने माइक ओढून घेतला.

"सामन्याचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी मला सांगा, एकही सामना न हरलेला संघ पूर्वतीरच्या इतिहासात कोणाचा? माझा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पलीकडून रानडुक्करही उठला. आपण गोलकीपर असताना पश्चिमतीरवर वर्षभरात एकही गोल झाला नाही, असं त्याने छाती काढून सांगितलं. गवाजीरावांच्या आणि भालबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तात्पर्य : खेळणारा कधी ना कधी हरतोच. तेव्हा मुलांनो, लवकरात लवकर माजी व्हा. खरा पराक्रम तिथून पुढे सुरू होतो.