चौदाव्या दाराची चोरी

"ज्याच्या नजरेतून काहीही सुटत नाही, असा माणूस पिढीत एखादाच जन्मतो," असं आमचे हे परवा आरशासमोर उभं राहून म्हणाले. शर्ट तेव्हा उलटा घातलेला होता.

मी त्यांची बायको. त्यांच्या मते सहायक.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना रंग द्यायचा होता. रंगारी सकाळी दहाला येणार होता. "तयारी झालेली नसेल तर मी दुसरीकडे जाईन, मग एकदम दोन महिन्यांनी," असं त्यानं बजावलं होतं. म्हणून दोन दिवस मी आणि सासूबाईंनी डबे-बरण्या बाहेर हलवल्या, दारांचे स्क्रू काढले, वर्षानुवर्षांचा तेलकट थर साबणाच्या पाण्यानं खरवडला, पॉलिश पेपर मारला. ह्यांनी देखरेख केली. देखरेखीनं माणूस फार दमतो म्हणे.

साडेनऊला ह्यांनी बाहेरच्या खोलीत टेकवून ठेवलेली दारं मोजली आणि हे किंचाळले, "खण चौदा, दारं तेरा! चोरी!"

"पुन्हा मोजा."

"माझं मोजलेलं पुन्हा मोजायचं नसतं."

पहिला संशय भंगारवाल्यावर. तो महिनाभर गावाला गेलाय हे कळल्यावर संशय दुप्पट झाला. "बघ, आधीच सटकला!" दुसरा सासूबाईंवर.

"आई, काल दुपारी तू कुठे होतीस?"

"इथेच, तुझं घोरणं ऐकत."

तिसरा शेजारच्या काकूंवर, कारण त्यांनी काल "दारं काढली का?" असं विचारलं होतं. हे थेट त्यांच्या घरी गेले आणि पलंगाखाली बघू का, असं विचारून आले. परतले तेव्हा ताठ मानेनं, पण एकाच चपलेवर.

मग पुरावे पुसले जाऊ नयेत म्हणून ह्यांनी स्वयंपाकघराच्या दरवाज्यात चिकटपट्टीची जाळी विणली. ती पट्टी ओट्याच्या कडा झाकायला रंगाऱ्यानं आदल्या दिवशी आणून ठेवली होती. तिन्ही गुंडाळ्या संपल्या. मला रडूच कोसळलं. घासून घासून बोटांची सालटं निघाली होती, आणि आता दोन महिने बाहेरच्या खोलीत शेगडी मांडायची!

दहाला रंगारी आला. जाळीखालून वाकून आत शिरला आणि कोपऱ्यातल्या खणाच्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं.

"ह्याला दार कुठलं? बिजागरीचं एक भोक नाही. हा उघडाच खण आहे."

"बावीस वर्षं उघडाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिथूनच हा रोज साखर चोरतो."

"मला नेमकं हेच सिद्ध करायचं होतं," हे म्हणाले.

रंगाऱ्यानं एक दार उजेडात धरून निरखलं. "इतकी चोख तयारी कुणी करून देत नाही. पट्टी आहे माझ्या गाडीत. लागतो कामाला."

माझ्या जिवात जीव आला.

थोड्या वेळानं काकू चहा घेऊन आल्या. मला, सासूबाईंना, रंगाऱ्याला.

ह्यांनी ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. "चौथा कप गायब आहे."

"शोधा," मी म्हटलं.