फ्लॉपीबरोबर नऊ पानं

आमच्या मधुभाऊंनी एकदा प्रोग्राममधला एक स्वल्पविराम काढला आणि त्याबद्दल नऊ पानं लिहिली. फुलस्केप, पाठपोट, निळ्या शाईत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावात एका लॉजच्या वर आमचं दोन खोल्यांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. रावेर-फैजपूरकडच्या केळी सोसायट्यांसाठी आम्ही एक प्रोग्राम केला होता. कोणाची बाग कधी कापायची, त्याची यादी तो काढून द्यायचा. त्यात काही सुधारणा झाली की सोसायटीला नवी फ्लॉपी पाठवायची, आणि सोबत काय बदललं ते सांगणारा कागद. हा कागद म्हणजे मधुभाऊंचा प्रांत.

मधुभाऊ मूळचे दोंडाईच्याचे. ऑफिसात पुस्तकी मराठी बोलत, पण खुशीत आले की थेट अहिराणी. सोसायटीचा फोन आला की पलीकडच्याचं अर्धं वाक्य ऐकून म्हणत, "पान चार. बठ्ठं लिखेल शे, वाची ल्या."

आणि खरंच सगळं लिहिलेलं असे. "आता एफ-सात दाबा. पडदा काळा होईल. घाबरू नका, तो विचार करतोय. तोवर पाणी प्या. तरीही काळाच असेल तर पान सहा पाहा." पान सहावर पहिलं वाक्य : "पाणी खरोखर प्यायलात का?" एकदा तर प्रिंटरमध्ये मुंग्या झाल्यास काय करावं, यावर अख्खा परिच्छेद होता. मी नुकताच कोर्स करून आलेला, त्यामुळे अकलेचा तोराही तेवढाच. दोन ओळींत सांगता येतं ते दोन ओळींतच सांगावं, असा माझा बाणा.

शेवटी आमचे शेठ वैतागले. "मधुभाऊ, फ्लॉपी तोळाभर आणि कागद पावशेर! पुढच्या वेळी अर्धं पान. आणि ते हा लिहील." हा म्हणजे मी. मधुभाऊंनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

मी अर्धं पानही वापरलं नाही. "यापुढे प्रत्येक बागेसमोर तारीख भरावी. यादी आपोआप निघेल." झालं. स्वतःवरच खूश होऊन मी पाकीट चिकटवलं.

चौथ्या दिवशी रावेरहून फोन आला. कॉम्प्युटरनं यादी काढली होती ती अशी : "कापणी : निरंक." आज नाही, उद्या नाही, वर्षभर नाही! कापणारी टोळी खुशाल घरी निघून गेली होती आणि रिकामा ट्रक सोसायटीच्या दारात उभा होता.

तिथं कॉम्प्युटरवर बसायचे देवराम आबा. निवृत्तीला आलेले कारकून. रोज सकाळी मशीन सुरू केलं की ते आधी तारीख विचारी, आणि आबा इमानेइतबारे आजची तारीख टाकत. माझ्या कागदातही तारीखच मागितलेली. ती लागवडीची, हे उघडच होतं. म्हणजे मला उघड होतं. आबांनी सगळ्या बागांसमोर आजची तारीख टाकली. कॉम्प्युटरच्या लेखी रावेरची यच्चयावत केळी त्याच सकाळी लावलेली!

मधुभाऊ आणि मी पहिल्या एसटीनं रावेर गाठलं. आबा हातातली टोपी उगाच घडी करत उभे होते. चेअरमन म्हणत होते, "आबाले आता हे जमत नाही. दुसरा मानूस पाहा लागीन."

"आबांनी कागदात होतं तस्संच केलं," मधुभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले. "चूक कागदाची आहे. म्हणजे आमची."

मान खाली घालायची पाळी माझी होती. मधुभाऊ आणि आबा जुनी रजिस्टरं घेऊन बसले, दुपारपर्यंत खऱ्या तारखा भरल्या, यादी निघाली, ट्रक हलला. आबांची खुर्ची वाचली.

परतताना मी विचारलं, "आबांनी एक फोन करून विचारलं का नाही?"

मधुभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मानसले इचाराले लाज वाटस रे भाऊ. उमर झायी का जास्तीच वाटस. म्हनीसन आपन पहिलेच लिखी देवानं."

त्यानंतर नऊ पानं पुन्हा सुरू झाली. जादा टपालखर्चही शेठनी मंजूर केला.

पुढच्या वर्षी आबा निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेली मुलगी मोठी धीट. काही अडलं की सरळ फोन करून विचारायची. तिला अर्धं पान पुरे होतं, आणि मधुभाऊही तिला अर्धंच पाठवत. तरी त्यांचं लिहिणं काही थांबेना. एकदा मी त्या नऊ पानांच्या पाकिटावरचा पत्ता पाहिला : देवराम आबा, राहत्या घरी. आबांच्या घरी कॉम्प्युटर कुठला! पण मधुभाऊ एकटा जीव, दिवाळीतसुद्धा त्यांना कुणाचं पत्र येत नसे. मी पाकिटाला तिकीट लावलं आणि ते पेटीत टाकलं.

मग एके दिवशी मधुभाऊंच्या नावे पोस्टकार्ड आलं. "कागद पोचला. एफ-नऊचा बदल समजला. आमच्याकडील बदल येणेप्रमाणे. १. नातीस दात आला. २. गुडघा बरा आहे. ३. दहा वाजले की अजून ऑफिसात जावेसे वाटते."

मधुभाऊंनी ते तीनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एकदम चिडून म्हणाले, "असं कुणी लिहितं का? वरचा दात की खालचा, काही पत्ताच नाही!"

आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ते रावेरच्या एसटीत बसले, विचारून यायला.